ट्यूबवर टक्के छापा

उन्हाळा लागला की सनस्क्रीनच्या जाहिरातींना ऊत येतो. एसपीएफ ५० हा एकच आकडा ओरडून सांगितला जातो. भांडायला हवं ते ट्यूबच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापतात त्यावरून.

१. ऑक्टिनॉक्सेट, अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन ही तिथली नेहमीची नावं. यांचे रेणू अतिनील किरण शोषतात. इलेक्ट्रॉन क्षणभर वरच्या पातळीवर जातात आणि खाली येताना ती ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ऑक्टिनॉक्सेट अडवतं ते कातडी भाजणारे यूव्हीबी किरण. अ‍ॅव्होबेन्झोनचा भर यूव्हीएवर. हे किरण त्वचेत खोल जातात, खिडकीच्या काचेतूनही येतात. पण या दोन घटकांचं उन्हात पटत नाही, एकत्र असले की लवकर विघटन पावतात. अ‍ॅव्होबेन्झोनला सावरायला ऑक्टोक्रिलीन घालतात. म्हणजे काय किती घातलंय, यावरच सगळा खेळ. अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडतं, म्हणून तिथे या घटकांचे टक्के छापावेच लागतात. आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधन. नावांची यादी दिली की सुटका. टक्के सक्तीचे करा, आणि मराठीतही छापा.

२. एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब. ३० म्हणजे सुमारे ९७ टक्के अडवले, ५० म्हणजे ९८. एवढ्याशा फरकासाठी किती जादा पैसे मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची अधिक चिन्हं असतात, ती दर्शनी बाजूलाच हवीत.

३. ‘केमिकल-फ्री’ हा दावा बंद करा. झिंक ऑक्साइड हे रसायन नाही तर काय आहे? शिवाय ते किरण नुसते परतवतं हा समजही चुकीचा. बहुतांश शोषूनच घेतं.

४. एसपीएफच्या चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. त्या मापाने चेहरा-मानेला दिवसातून दोनदा लावलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम तीन आठवडे पुरेल. चौकातल्या वाहतूक पोलिसाने किंवा ऊसतोड कामगाराने हा खर्च स्वतःच्या खिशातून का करायचा? टोपी, सावली, भर दुपारची विश्रांती ही काम देणाऱ्याचीच जबाबदारी.

५. प्रवाळांच्या काळजीपोटी हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. नुकसान नेमकं किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण प्रवाळ मालवणच्या समुद्रातही आहेत. तिथे पाण्यात उतरताना लांब बाह्यांचा कपडा घालायला काय हरकत आहे?

नियम बदलतील तोवर दुकानात ट्यूब उलटून बघा. ‘पीए’ दिसलं नाही तर ती परत फळीवर ठेवा, आणि का ठेवली ते दुकानदाराला सांगा.