जुन्या रंध्याची किंमत

पुस्तक जुनें झालें म्हणून कोणी शहाणा मनुष्य तें चुलींत घालीत नाहीं. परंतु अवजार जुनें झालें कीं आपण तें वजनावर विकतों. नागपुरांतील भंगाराच्या ढिगांत मोडके पंखे व गंजलेले कडी-कोयंडे यांच्या खालीं एखादा सुतारी रंधा पडलेला असतो. ज्या घरांत आजोबा रंधा चालवीत, त्या घरांत नातू विजेचें यंत्र चालवितो, आणि आजोबांचा रंधा लोखंडाच्या भावानें जातो. ही रीत आम्हांस योग्य वाटत नाहीं. जुना रंधा पारखून घ्यावा, त्याचें वय ओळखावें, तो दुरुस्त करावा आणि मुख्य म्हणजे तो मुलांच्या हातीं द्यावा, असें आमचें मत आहे.

रंधा हें फार प्राचीन अवजार आहे. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांतहि रंधे सांपडले आहेत. आपल्याकडे सुताराच्या पेटींत वाकस, पटाशी, करवत व सामता यांच्या जोडीला लांकडी रंधा असे. त्याचें पातें पाचरीनें घट्ट बसवीत. लोखंडी रंधा त्या मानानें अलीकडचा. अमेरिकेंतील लिओनार्ड बेली यानें पातें मळसूत्रानें खालींवर करण्याची युक्ति सुधारली, आणि १८६९ सालीं स्टॅन्ले कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला. इकडे १८६७ सालीं आगगाडी नागपुरास आली, १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू झाली, १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. त्या काळीं आगगाडीचे डबे लांकडाचे असत, आणि चांद्याच्या जंगलांत सागवानास तोटा नव्हता. या शहराच्या वाढींत सुताराच्या हाताचा वांटा लहान नाहीं.

जुना रंधा घेतांना रंगरूपास भुलूं नये. ओतीव लोखंडास तोंडाजवळ किंवा बाजूंच्या भिंतींस तडा गेला आहे काय, हें प्रथम पाहावें. हें लोखंड ठिसूळ असतें. तडकलेला रंधा फुकट मिळाला तरी कामाचा नव्हे. नंतर पातें किती उरलें आहे, मळसूत्र फिरतें काय, तळ फार वांकडा नाहीं ना, हें तपासावें. वरवरचा गंज हा दोष नव्हे; पात्याच्या धारेशीं खोल खड्डे पाडणारा गंज मात्र दोष होय. मूठ मोडली असेल तर चिंता नको. ती शिसवीची नवी करतां येते.

वय ओळखणें हा या कामांतील सर्वांत गोड भाग होय. येथें इतिहासाचा विद्यार्थी व सुतार एकत्र येतात. स्टॅन्लेच्या रंध्यांत पात्याच्या बैठकीमागें १९०२ च्या दोन व १९१० ची एक अशा पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या असल्यास तो सांगाडा साधारण १९१० ते १९१८ मधला समजावा. पात्यावर हृदयाची आकृति असल्यास तें पातें सुमारें १९२० ते १९३५ या काळांतलें. पातें दाबून धरणाऱ्या झांकणाचें भोंक काजूच्या आकाराचें असल्यास तें झांकण १९३३ च्या सुमारास किंवा नंतर घडलेलें. इंग्लंडांत शेफील्ड येथील 'रेकॉर्ड' रंधे १९३१ च्या सुमारास निघूं लागले.

परंतु पेटंटची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. १९१० ची तारीख १९१५ च्या रंध्यावरहि असते; ती एवढेंच सांगते कीं हा रंधा त्याहून जुना नाहीं. शिवाय पातें झिजतें व बदललें जातें. म्हणून पात्याचें वय तेंच रंध्याचें वय असें धरूं नये. तीन रंध्यांचे अवयव एकत्र करून, वर रंग चढवून, 'शंभर वर्षांचा' म्हणून विकणारेहि असतात. पुरावा सांगतो त्याहून अधिक बोलूं नये, हा इतिहासाच्या तासाचा धडा येथें हातांत धरून शिकतां येतो.

दुरुस्तीस पैसा थोडा व धीर फार लागतो. रॉकेलनें मळसूत्रें सैल करावींत. गंजलेले भाग कांहीं तास व्हिनेगारमध्यें ठेवून घासावेत, धुवावेत, तत्काळ कोरडे करून त्यांस तेलाचा हात द्यावा. जाड कांचेवर पॉलिश पेपर पसरून तळ घासावा, पण सपाटी येईपर्यंतच. पात्यास सुमारें २५ अंशांचा उतार देऊन टोकाशीं ३० अंशांची धार काढावी. यंत्राच्या सहाणेवर पातें निळें पडलें कीं त्याचें पाणी उतरलें असें समजावें. लांकडी रंध्यास व मुठीस जवसाचें तेल उत्तम. तें तर आपल्या विदर्भाच्या शेतांतलेंच. मात्र त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवूं नये, तो आपोआप तापून पेट घेऊं शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात. नागपूरचा उन्हाळा लांकूड आकसवितो व पावसाळा लोखंडास गंज चढवितो. म्हणून वैशाखांत पाचर व श्रावणांत पातें पाहावें. आणि कारखान्याचा शिक्का किंवा पूर्वीच्या मालकानें कोरलेलीं आपल्या नांवाचीं अक्षरें कधींहि घासून टाकूं नयेत.

कोणी म्हणेल, यंत्र जें घटकाभरांत करितें त्यासाठीं दिवस कां घालवावा? ज्याचें पोट सुतारकामावर आहे त्यानें अवश्य यंत्र वापरावें. ज्यांच्या वडिलांनीं रंधा चालवून खांदे झिजविले, त्यांस कष्टाचे गोडवे आम्ही कोणत्या तोंडानें ऐकवावे? परंतु विद्यार्थ्याचा हेतु फळी लवकर गुळगुळीत करणें हा नसून स्वतः घडणें हा असतो. १९३७ च्या ऑक्टोबरांत आपल्या शेजारच्या वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं जी शिक्षणपरिषद भरली, तिनें हातांच्या कामास शिक्षणाचें केंद्र मानलें. ती योजना सर्वत्र रुजली नाहीं. पण तिच्यांतील सत्य खोटें ठरलें नाहीं. रंधा लांकडाच्या रेषेविरुद्ध चालविला कीं फळी ओरबाडते, धार बोथट असली कीं पातें अडतें. तेथें सबब चालत नाहीं व गुण वाढवून मागतां येत नाहींत. जो रंधा केवळ कांचेच्या कपाटांत शोभेसाठीं ठेवला जातो, तो हें कांहींच शिकवूं शकत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, घरांतील जुनीं अवजारें भंगारांत देण्यापूर्वीं मुलांस व मुलींसहि एकदां विचारावें. विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत एक जुना रंधा मिळवा आणि तो घेऊन आपल्या वस्तींतील एखाद्या वृद्ध मिस्त्रींकडे जा. धार कशी लावावी हें नम्रपणें विचारा. ते आनंदानें दाखवितील. रंधा आणखी पन्नास वर्षें भंगारांत थांबूं शकेल. मिस्त्री थांबूं शकणार नाहींत.