काळ्या भुकटीची ओडी

खरीप तोंडावर आला असताना शिरवणे एमआयडीसीतल्या एका वाचकाने जैविक खतांच्या निविदेसोबतचे प्रपत्र आमच्याकडे पाठवले आहे. त्यात एक रकाना आहे : '६०० नॅनोमीटरवरील ओडी, किमान १.०'. द्रवरूप मालाला असते तर एकवेळ चालवून घेतले असते. निविदा लिग्नाइटवरच्या पाकिटांची आहे! काळ्या भुकटीतून प्रकाश पाठवायचा कसा, असे विचारल्यावर "रकाना मोकळा असला तर फाइल पुढे सरकत नाही," एवढेच उत्तर मिळाले. अखेर लिग्नाइटमध्ये मिसळण्याआधीच्या ब्रॉथची ओडी लिहिली गेली आणि फाइल सरकली.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये जैविक खते २००६ साली आली. त्यातली अट साधी आहे : वाहकावरच्या मालात ग्रॅमला किमान ५ कोटी, द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी सीएफयू. प्लेटवर कॉलनी उठली तरच पेशी धरायची. ओडीला मेलेली पेशी आणि जिवंत पेशी सारखीच. गोदामात उन्हाळा काढलेल्या बाटलीची ओडी जवळपास तशीच राहते आणि प्लेट मात्र कोरी निघते, हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही?

पण हा रकाना निविदा काढणाऱ्या साहेबांना सुचला कुठून? आपल्याच सीओएवरून, म्हणजे मालासोबतच्या विश्लेषण प्रमाणपत्रावरून. 'ओडी १ म्हणजे मिलिलिटरला ८० कोटी पेशी' हा ई. कोलायसाठीचा ढोबळ आकडा. आपले सभासद तो ॲझोटोबॅक्टरला लावतात, रायझोबियमला लावतात, आधीच्या केमिस्टने वहीत लिहून ठेवला म्हणून पुढे चालवतात. ॲझोटोबॅक्टरची पेशी कितीतरी मोठी, भोवती चिकट आवरण, पोटात पीएचबीचे कण. एकही विभाजन न होता ओडी चढते. जुन्या कल्चरचा तपकिरी रंग त्यात आणखी भर घालतो. पीएसबीची, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची, कथा तर विचारूच नका. पिकोव्हस्काया ब्रॉथ ट्रायकॅल्शियम फॉस्फेटने आधीच दुधाळ असतो. इनॉक्युलम टाकण्यापूर्वीच 'वाढ' दिसते, आणि ब्लँकमधला गाळ खाली बसला की ती आणखी झपाट्याने होते!

शिवाय ओडी म्हणजे डिटेक्टरपर्यंत न पोहोचलेला, पेशींनी विखुरलेला प्रकाश. डिटेक्टरची मांडणी बदलली की आकडा बदलला. गोल नळीच्या कलरीमीटरचा आकडा क्युव्हेटच्या स्पेक्ट्रोला लागू पडत नाही. आयजेम स्पर्धेच्या २०१८ सालच्या अभ्यासात २४४ प्रयोगशाळांनी ई. कोलायवर हेच तपासले. मोजून घेतलेल्या, पेशीएवढ्या सिलिका मण्यांवर आपापले यंत्र बसवून घेतले, तेव्हा सगळ्यांचे आकडे ताडून पाहण्याजोगे झाले. अर्थात मणीही जिवंत-मेलेले सांगत नाहीत.

ओडी टाकून द्या असे कोणी म्हणत नाही. रात्रपाळीला फर्मेंटर कधी उतरवायचा हे ठरवायला रायझोबियमच्या प्लेटसाठी तीन-चार दिवस थांबता येत नाही. तिथे ओडी हवीच, पण स्वतःच्या आलेखासकट.

म्हणून विनंती नव्हे, आग्रह आहे. हा हंगाम संपताच प्रत्येक युनिटने आपला स्ट्रेन, आपला मीडिया, आपले यंत्र घेऊन आलेख काढावा. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर नमुना घ्या, ओडी ०.४ च्या खाली येईपर्यंत पातळ करा आणि त्याच तासाला तीन-तीन प्लेट लावा. ब्लँक म्हणून त्याच बॅचचे पेशी काढलेले द्रव ठेवा. पीएसबीसाठी विद्राव्य फॉस्फेटचा ब्रॉथ वापरा. आलेख आमच्याकडे पाठवा, नावाशिवाय छापू. आणि सीओएवरून ओडीची ओळ आजच काढून टाका.

निविदेतला रकाना वगळण्याच्या निवेदनाचा मसुदा या अंकासोबत जोडला आहे. एकट्यादुकट्याच्या पत्राला कोणी विचारत नाही. लेटरहेडवर उतरवून, सही-शिक्का मारून, निविदापूर्व बैठकीच्या आधी पोचवा आणि पोच घ्यायला विसरू नका.