एक चाल, अनेक गळे

गेल्या महिन्यात आठवडाभर भेस्तानला जाऊन आले. सुरतच्या दक्षिणेला, उधना आणि सचिन यांच्या मधलं हे स्टेशन. कापडाच्या धंद्यापायी आलेली खानदेशी माणसं या भागात पुष्कळ. दारात उभं राहिलं की अहिराणी, गुजराती, हिंदी एकदमच कानावर पडतात. माझा पुतण्या तिथं नोकरीला आहे. थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, त्याच्याकडेच असतात. अक्कांचं माहेर गोकाकचं.

मी गेले तेव्हा अक्का रुसून बसल्या होत्या. आपल्या आईचं कानडी जोगुळ म्हणून त्यांनी नातीला निजवलं होतं. आता सहा वर्षांची चिन्नी त्याच चालीवर बाहुलीला निजवते, पण शब्द गुजराती! ‘नन्न हाडु केडिसिबिट्टळु,’ अक्का म्हणाल्या.

पुतण्या हसला आणि त्यानं मोबाईलवर एक संग्रह लावला. जमैकात वाद्यांच्या तयार तालाला ‘रिडिम’ म्हणतात. एकच रिडिम अनेक गायकांना देतात आणि जो तो त्यावर आपले शब्द, आपला गळा बसवतो. लेन्की मार्सडेन यांच्या एका रिडिमचं नावच मुळी ‘दिवाली’. टाळ्यांचा तो ठेका ऐकून आपल्या फुगडीची आठवण होते. २००२ साली त्यावरच्या गाण्यांचा संग्रह ग्रीनस्लीव्ज कंपनीनं काढला. या ठेक्यावर वेन वंडर हळुवार गातो, तर शॉन पॉल भरभर शब्द फेकतो. त्याचं गाणं २००३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

अक्कांना भाषा कळेना, पण ठेका कळला. ‘अगं, ही तर नाटकातली पद्धत!’ त्या म्हणाल्या. खरंच की. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. त्यांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि पुढं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं. त्यांतल्या कित्येक मराठी पदांच्या चाली कानडी गाण्यांवरून घेतलेल्या. पदाच्या डोक्यावर मूळ गाण्याची चाल छापायची रीतच होती.

पण वाचकहो, मला वाटतं अक्कांचा रुसवा अगदीच खोटा नव्हता. पदं राहिली, ज्या कानडी गाण्यांवरून ती बांधली, ती आज किती जणांना म्हणता येतात? जमैकाच्या संग्रहात एक गाणं दुसऱ्याला पुसत नाही, सगळी शेजारी शेजारी नांदतात. आपल्या घरात मात्र नवी भाषा आली की जुनी मुकाट्यानं उठून जाते.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री अक्कांना समोर बसवलं आणि जोगुळ मोबाईलमध्ये भरून घेतलं. चौथ्या ओळीला त्या अडखळल्या. मागून चिन्नीनं ती पुरी केली, कानडीत!

अक्का काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि दोघींची अंथरुणं घालू लागल्या.