मुलीचा पीसीओएस : सोनोग्राफी झाली, पण साखर तपासली का?

पाळी अनियमित आहे म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही येता, तेव्हा हातात बहुतेक वेळा सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. ‘अंडाशयात गाठी’ हे शब्द वाचून घर घाबरलेलं असतं आणि पहिला प्रश्न असतो, पुढे मूल होईल ना?

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. या वयात अंडाशयात पुष्कळ छोटे बीजकोष दिसणं नैसर्गिक असतं, त्या गाठी नव्हेत. एएमएच ही रक्ततपासणीही किशोरवयीन मुलींच्या निदानासाठी नको. निदानाला दोन्ही गोष्टी लागतात: वयाच्या मानाने अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण, म्हणजे चेहऱ्यावर राठ केस, खूप मुरुमं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट. पाळी येऊ लागल्यावर पहिलं वर्षभर ती पुढेमागे होतेच.

याच सूचनांत आणखी एक मुद्दा आहे, तो मात्र मागे पडतो. निदान होताच रक्तातील साखर तपासावी, मुलगी बारीक असली तरी. पीसीओएसमध्ये शरीर अनेकदा इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं आणि हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं. मानेवरचा मखमली काळपटपणा ही त्याचीच खूण असू शकते. मळ समजून तो घासत बसू नका, मुलीला त्यावरून बोलू तर नकाच.

नुसती उपाशीपोटीची साखर पाहून निश्चिंत होऊ नका. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची. तो आकडा १४० ते १९९ असेल तर ती मधुमेहाची पूर्वपायरी. सोबत कोलेस्टेरॉल तपासून घ्या. रक्तदाब दरवर्षी मोजावा, साखर एक ते तीन वर्षांनी पुन्हा पाहावी.

पाळी नियमित करणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होतो, पण इन्सुलिनचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. त्यासाठी रोज तासभर घाम येईल अशी हालचाल हवी: खेळ, सायकल, नाच, काहीही. आपल्याकडे दहावीचं वर्ष लागलं की सगळ्यात आधी बंद होतं ते नेमकं हेच.