दिवाळखोरीच्या आडून

बाल्टिमोर हा अमेरिकेतला सर्वांत जुना कॅथलिक धर्मप्रांत, 1789 मध्ये स्थापन झालेला. एप्रिल 2023 मध्ये मेरीलँड राज्याच्या महाधिवक्त्यांनी त्याच्याविषयीचा अहवाल खुला केला. धर्मगुरू आणि चर्चशी संबंधित इतर माणसे मिळून दीडशेहून अधिक जणांनी सहाशेहून अधिक मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार त्यात नोंदले आहेत, आणि वरिष्ठांनी वर्षानुवर्षे त्यावर घातलेले पांघरूणही. त्याच महिन्यात राज्याने कायदा बदलला. तोवर वयाची 38 वर्षे उलटली की दिवाणी दाव्याचे दार सहसा बंद होत असे. लहानपणी फादरने केलेल्या अत्याचाराबद्दल माणसाला तोंड उघडायला अनेकदा पन्नाशी गाठावी लागते, हे मान्य करून मेरीलँडने मुदतच काढून टाकली. हा कायदा लावून धरणारे आमदार सी. टी. विल्सन यांनी स्वतः बालपणी असे अत्याचार सोसले आहेत.

कायदा 1 ऑक्टोबरपासून लागू होणार होता. 29 सप्टेंबरला बाल्टिमोर महाधर्मप्रांताने दिवाळखोरी न्यायालयात अर्ज दाखल केला.

अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली असा अर्ज गेला की अर्जदाराविरुद्धचे दावे तिथल्या तिथे थांबतात. दिवाळे खरोखर निघालेले असलेच पाहिजे, अशी अटही नाही. अत्याचार सोसलेल्याने मग आपला दावा ठरलेल्या तारखेच्या आत दिवाळखोरी न्यायालयात नोंदवायचा. बाल्टिमोरसाठी ती तारीख होती 31 मे 2024. विधिमंडळाने काढून टाकलेली मुदत आठ महिन्यांत मागच्या दाराने परत आली. ती चुकवलेल्या साठीच्या माणसाला पुन्हा तेच ऐकावे लागणार: उशीर झाला.

पैसा मर्यादित आहे, तो पहिल्या दोन-चार दावेदारांनीच नेऊ नये, सर्वांना वाटा मिळावा, असे चर्चचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे. पण या माणसांना फक्त पैसा हवा आहे असे समजणे हाच मोठा अन्याय. तक्रार कोणत्या साली आली, ती कोणी दाबली, त्या फादरला दुसऱ्या चर्चमध्ये कोणी पाठवले, हे त्यांना शपथेवर वदवून घ्यायचे असते. दिवाळखोरीत ज्युरीसमोरचा खटला आणि उलटतपासणी बहुतेक वेळा होतच नाहीत. एप्रिल 2024 मध्ये बाल्टिमोरच्या काही जणांना न्यायाधीशांसमोर बोलू दिले गेले, आर्चबिशप विल्यम लोरी समोर बसून ऐकत होते. त्या बोलण्याला पुराव्याचा दर्जा नव्हता.

दुसरा मार्ग नाही असेही नाही. लॉस एंजेलिसच्या महाधर्मप्रांताने 2007 मध्ये 66 कोटी डॉलर दिले आणि 2024 मध्ये 1,353 जणांसाठी 88 कोटी कबूल केले, दोन्ही वेळा दिवाळखोरीचा आसरा न घेता. पेनसिल्व्हेनियात मात्र मेरीलँडहूनही वाईट झाले. 2018 च्या ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे चौकशीसाठी नेमलेल्या नागरिक-मंडळाच्या, अहवालाने तीनशे धर्मगुरूंची कृत्ये उघड केली. जुन्या दाव्यांना वाट देणारी घटनादुरुस्ती 2021 मध्ये मतदारांपुढे जायची होती. सरकारी खात्याने तिची कायद्याने आवश्यक जाहिरातच दिली नाही. त्यामुळे ते मतदान झाले नाही, आणि खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.

फेब्रुवारी 2025 मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत काढून टाकणारा आपला कायदा घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. पुढे काही आठवड्यांतच विधिमंडळाने 1 जूनपासूनच्या दाव्यांसाठी खासगी संस्थांकडून वेदना आणि मनस्तापाबद्दल मिळू शकणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा 15 लाख डॉलरवरून 7 लाखांवर आणली. सरकारी बालसुधारगृहांविरुद्ध हजारो दावे आले आणि बोजा राज्यावर पडू लागला, म्हणून. भरपाई कमी करणारे विधिमंडळ दुसरेही काही करू शकते: अत्याचाराच्या तक्रारींची संस्थेतली प्रत्येक फाइल महाधिवक्त्यांकडे सोपवणे कायद्याने बंधनकारक करावे, संस्था दिवाळखोरीत जावो वा न जावो.