दुर्बीण हातात, पाय मागे

किनाऱ्यावरची सहल म्हटली की तीन गोष्टी ठरलेल्या असतात: वाळूतली दौड, व्हॉलीबॉल आणि सर्वांचा एकत्र फोटो. अलीकडे त्यात पक्षीनिरीक्षणाची भर पडू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण ते कसे करावे याविषयी माझे स्पष्ट मत आहे. पक्ष्याच्या जितके जवळ जाऊ तितके निरीक्षण चांगले, ही समजूत चुकीची आहे. आणि सैनिकी शाळेच्या छात्रांनी ती सर्वांत आधी सोडायला हवी.

आधी पाहुण्यांविषयी. चिखल्या, तुतारी, टिलवा, पाणटिवळा, कोरल हे पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून आपल्या किनाऱ्यांवर उतरू लागतात आणि बहुतेक एप्रिल-मेपर्यंत परततात. कोकणातल्या खाड्या, कच्छचे आखात, ओडिशातील चिलिका, तमिळनाडूतील पॉइंट कॅलिमियर ही त्यांची हिवाळी ठाणी. त्यांच्या ताकदीची कल्पना यायला एक नोंद पुरे. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे जेमतेम पाच महिन्यांचे पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, कुठेही न थांबता उडाले. हीच जात हिवाळ्यात कच्छच्या आखातातही दिसते.

अशा उड्डाणाचे इंधन म्हणजे अंगातली चरबी. ती जमते ओहोटीच्या चिखलात किडे, शिंपले, खेकडे टिपून. भरतीला चिखल बुडाला की थवे कोरड्या वाळूच्या अरुंद पट्ट्यावर दाटीने विसावतात. नेमकी तिथेच आपली दौड चालू असते. थवा एकदम उठला की दृश्य सुरेख दिसते, टाळ्या पडतात. पण अशा प्रत्येक उठण्यात साठवलेले इंधन जळते. मोहिमेवर निघालेल्या तुकडीचा शिधा कुणी गंमत म्हणून सांडला, तर आपण त्याला काय म्हणू?

घरट्याची गोष्ट याहून नाजूक. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करून ते वापरतो. अंडी बहुधा दोन, आणि पुष्कळदा पिल्लू एकच वाढते. झाडाखाली गलका झाला किंवा वर ड्रोन घोंघावला की जोडी उठते. तेवढ्या वेळात अंडी उन्हात तापतात, कावळे संधी साधतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या पक्ष्याला स्थान आहे. पण कायद्याचा धाक दाखवावा लागला, तर ती शिस्त कसली?

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, दुरून काही दिसणार नाही आणि मुले कंटाळतील. याचे उत्तर भरती-ओहोटीच्या तक्त्यात आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पूर्ण भरतीच्या तासा-दोन तास आधी आपण आडोशाला शांत बसलो, तर पाणीच पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणते. आपण चालून जायचे नाही, वेळ साधायची. शिवाय, वस्तू का दिसतात हा फील्ड क्राफ्टचा धडा आपण पाठ केलेलाच आहे: आकार, सावली, चमक, हालचाल. वाळूच्या रंगात मिसळून गेलेला चिखल्या तो धडा फळ्यापेक्षा चांगला शिकवतो. अंतराचा अंदाज बांधण्याचा सरावही तिथेच होतो.

दुसरा आक्षेप फोटोचा: पुरावा नको का? पुरावा हवाच, पण तो आधी वहीत हवा आणि खरा हवा. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी पक्षितज्ज्ञ म्हणून गाजले. त्यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच संग्राहकाने मिळवलेला निघाला. चिठ्ठी खोटी होती. ती खोटी नोंद बाजूला ठेवून शोध घेतला, तेव्हा १८८४ नंतर हरवलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ सापडला. गणवेशाने नोंद खरी ठरत नाही. ती लिहिणाऱ्याच्या सचोटीने ठरते. ओळख पटली नाही तर ‘ओळखता आला नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

म्हणून माझी सूचना अशी. सहलीची तारीख ठरवताना भरतीचा तक्ता समोर असावा. दौड आणि खेळ विसाव्याच्या जागेपासून दूर व्हावेत. प्रत्येक गटाला एक दुर्बीण आणि एक नोंदवही द्यावी. घरट्याजवळ ड्रोन नको, आणि घरट्याचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर तर नकोच. पालकांनीही घरी आलेल्या मुलाला ‘फोटो दाखव’ म्हणण्याआधी ‘वही दाखव’ म्हणावे.

उद्या यांतले कित्येक छात्र सीमेवर वा समुद्रावर पहारा देतील. तिथे तासन्‌तास न हलता पाहणे आणि पाहिले तेवढेच कळवणे, हेच काम असेल. त्याचा पहिला सराव एखाद्या टिलव्यासमोर झाला, तर छात्राचे भले होईल आणि टिलव्याचेही.