दुखणं झोपतं, बरं होत नाही!

अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारा एक मित्र. रोज बारा-बारा तास खुर्चीत. सहा महिन्यांपूर्वी त्याची कंबर धरली. वडिलांना ऑपरेशननंतर लिहून दिलेल्या ट्रॅमाडॉलची अर्धी स्ट्रिप घरात पडून होती. ‘घे एक, भारी वाटतं,’ असं कुणीतरी सांगितलं. आणि खरंच भारी वाटलं! महिनाभरात एकाच्या दोन झाल्या. आता गोळी चुकली की घाम सुटतो, चिडचिड होते, रात्रभर डोळा लागत नाही. आणि कंबर? ती दुखतेच आहे.

ट्रॅमाडॉल म्हणजे जरा स्ट्राँग पेनकिलर, असा आपला समज. ते ओपिऑइड आहे. बनतं प्रयोगशाळेत, पण मेंदूवर काम करतं अफू-मॉर्फिनच्याच वाटेनं. कंबरेत ते काहीच दुरुस्त करत नाही, दुखल्याचा निरोप तेवढा दाबतं. शरीराला सवय झाली की तेवढ्याच आरामासाठी जास्त गोळ्या लागतात. सोबत दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. जास्त डोसमध्ये फिट येऊ शकते.

बरं, एवढी जोखीम घेऊन फायदा तरी होतो का? कंबर, गुडघा किंवा खुब्याचं जुनं दुखणं असलेल्या २४० जणांवर अमेरिकेत वर्षभर अभ्यास झाला. २०१८ मध्ये आलेला निकाल असा: ओपिऑइड घेणाऱ्यांचं रोजचं हिंडणं-फिरणं साध्या औषधांवर असलेल्यांपेक्षा काही सुधारलं नाही, त्रास मात्र जास्त झाला. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये सांगितलं की, जुनाट कंबरदुखीसाठी ओपिऑइड नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत.

‘ज्याची दुखते त्यालाच कळतं,’ असं कुणी म्हणेल. शंभर टक्के मान्य. कॅन्सरच्या वेदनेत किंवा मोठ्या ऑपरेशननंतर ही औषधं वरदान आहेत, ती मिळायलाच हवीत. माझं भांडण औषधाशी नाही, ते चिठ्ठीशिवाय हातात येतं याच्याशी आहे. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. तरी ‘ओळखीचा आहे’ म्हणून स्ट्रिप पुढे सरकवणारे दुकानदार आहेत, आणि मैत्रीखातर ती वाटणारे आपणही आहोत.

मग करायचं काय? उपाय बोअरिंग आहेत, पण लागू पडतात. दर अर्ध्या तासानं उठा. रोज चाला. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि ते खरंच करा. बेड रेस्टच्या नावाखाली आठवडाभर लोळू नका. पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, ताप असेल, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

आणि गोळी आधीच सुरू असेल तर ती एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करता येते. माझा मित्र गेल्या आठवड्यात गेला. जाताना त्याला लाज वाटत होती. खरं तर ‘घे एक’ म्हणणाऱ्यांना वाटायला हवी.